आजारी पोरांत निम्मी लस घेतलेली, मग लस कामाची कशी?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या गल्लीत गोवर निघाला. आजारी पडलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी लस घेतलेली होती, कार्डं मी स्वतः पाहिली. तरी आरोग्य खातं म्हणतं लस उत्तम आहे. हे लोक रोगाचा माग काढतात कसा आणि लसीचा उपयोग मोजतात कसा? की नुसते कागद रंगवतात? माझी धाकटी चौदा महिन्यांची आहे, तिचा दुसरा डोस राहिलाय, म्हणून विचारते."

ताई, कार्डं स्वतः पाहिलीत हे बरं केलंत. पण निम्मंच काम झालंय. जी मुलं आजारी पडली नाहीत त्यांची कार्डं कुणी पाहिली? ती पाहायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गोवराची साथ आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा मुलं आणली गेली, त्यातली सात लसवंत, म्हणजे लस घेतलेली. मी रात्री कंदिलाशी बसून अहवाल लिहिला की लस निकामी दिसते, शीतसाखळी (लस गार ठेवण्याची व्यवस्था) तपासावी. मोठा शोध लावल्यासारखं वाटत होतं. चार दिवसांनी अहवाल परत आला. समासात लाल शाईने दोनच शब्द होते: "छेद कुठाय?" साहेबांचं अक्षर. शाळेत अंश-छेद शिकले होते, पण मी अंशच, म्हणजे आजारी मुलांचा आकडाच, पाठवला होता; एकूण मुलं किती, हा छेद नव्हताच. दुसऱ्या दिवशी आरोग्य सेविकेला घेऊन पाड्यातलं प्रत्येक घर फिरले. पाच वर्षांखालची सगळी मुलं वहीत उतरवली, आजारी आणि धडधाकट दोन्ही. लस चांगलीच होती. गाढव मीच होते.

तुमच्या गल्लीचा हिशेब सोपे आकडे धरून करू. हे आकडे मी समजण्यापुरते घेतेय. समजा वस्तीत ५०० मुलं आहेत. ४५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. गोवर आला. हा रोग इतका चिकट की लस न घेतलेल्यांपैकी ४० जणांना, म्हणजे शंभरात ८० जणांना झाला. लस घेतलेल्यांपैकी ४५ जणांना झाला, म्हणजे शंभरात १०. एकूण आजारी ८५, त्यात लसवंत ४५. निम्म्याहून जास्त! तुम्ही पाहिलंत ते हेच. पण धोका पाहा: एकीकडे शंभरात ८०, दुसरीकडे शंभरात १०. म्हणजे लसीने धोका आठपट कमी केला. आमच्या भाषेत परिणामकारकता साडेसत्त्याऐंशी टक्के, कारण ८० चा धोका ७० ने उतरला. आणि वस्तीतल्या झाडून सगळ्या मुलांनी लस घेतली असती, तर आजारी पडलेली सगळीच्या सगळी लसवंत निघाली असती, कारण दुसरं कुणी उरलंच नसतं. आजाऱ्यांतलं लसवंतांचं प्रमाण जितकं वर जातं, तितकं बहुतेक वेळा लसीकरण चांगलं झालेलं असतं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

यातून एक झटपट पद्धत निघते. साथीत घरोघर फिरायला वेळ नसतो तेव्हा आम्ही दोनच आकडे विचारतो: वस्तीत किती टक्के मुलं लसवंत, आणि आजाऱ्यांत किती टक्के. लस अगदी पाण्यासारखी असती तर दोन्ही आकडे सारखेच आले असते. वस्तीत ९० टक्के, तर आजाऱ्यांतही ९० टक्के, कारण रोगाने कुणाला निवडलंच नसतं. इथं आजाऱ्यांत ५३ टक्केच दिसतात. ही जी तफावत आहे, तीच लसीची कमाई.

पण इथंच खरी गोम आहे. वस्तीतला तो ९० टक्क्यांचा आकडा आणला कुठून?

समजा कागदावर ९० लिहिलंय आणि प्रत्यक्षात ७० टक्के मुलांनाच लस मिळालीय. साथ तीच, आजारी तेच ८५, त्यातले लसवंत तेच ४५. आता ७० धरून गणित केलं की लसीची परिणामकारकता साडेसत्त्याऐंशीवरून बावन्नच्या आसपास येते. बाटलीत काहीच बदललं नाही, बदलला तो छेद. म्हणून "लस किती चांगली" या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेइतकंच गावच्या रजिस्टरातही असतं. तुम्ही कागद रंगवण्याचं म्हणालात, ते इथं लागू होतं, आणि मी ते झटकून टाकणार नाही.

दिंडोरी-निफाडकडची गोष्ट सांगते. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला इकडे उतरतात, बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या टाकून राहतात, उन्हाळ्यात परत वर जातात. त्यांचं पोर सुरगाण्याच्या उपकेंद्राच्या उद्दिष्टात मोजलेलं असतं. लस मात्र मिळाली तर निफाडच्या सत्रात मिळते. मग निफाडच्या त्या केंद्राचं काम १०० टक्क्यांच्या वर जातं आणि सुरगाण्याच्या केंद्राचं कमी दिसतं. शिवाय उद्दिष्ट ठरतं ते अंदाजी जन्मसंख्येवरून. टक्केवारी १०४ आली की बैठकीत टाळ्या पडतात. माझ्या मते १०० च्या वरचा आकडा दिसला की टाळ्या थांबवून गाडी काढून तपासायला जावं.

म्हणून अधूनमधून रजिस्टर बाजूला ठेवून सर्वेक्षण करतात. जुनी पद्धत म्हणजे तीस वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या आणि प्रत्येकीत १२ ते २३ महिन्यांची सात मुलं शोधायची, एकूण २१०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याहून कितीतरी मोठं असतं. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात त्या वयाची पूर्ण लसीकरण झालेली मुलं साधारण साडेत्र्याहत्तर टक्के भरली. बैठकीतला शंभरच्या पुढचा आकडा आणि हा आकडा, दोन्ही एकाच राज्याचे आहेत.

सर्वेक्षणात दारात उभं राहून नेमकं काय होतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं हो-नाही विचारलं की झालं. एका झोपडीत बाईने तांदळाच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. पाऊस लागून शाई पसरलेली, नवव्या महिन्याच्या रकान्यात नुसता निळा डाग. तारीख की डाग? शेजारच्या झोपडीत कार्डच नाही. आई म्हणते, "घेतली ना, सगळ्या सुया घेतल्या." मी विचारलं, सुई कुठं दिली? "मांडीत." मांडीतली सुई म्हणजे पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची) दुसरी लस. गोवर-रुबेलाची उजव्या दंडावर देतात. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसला म्हणजे जन्माच्या वेळची लस झालीय, एवढंच कळतं. मग विचारायचं, पोर चालायला लागण्याच्या जरा आधी उजव्या दंडावर दिली का, त्या दिवशी तोंडात गोड औषध पाजलं का. ते अ जीवनसत्त्व, नवव्या महिन्याच्या लसीबरोबर देतात. बाईला गोड औषध बरोबर आठवतं. सुया सगळ्या सारख्या, पण पोराने चाटून खाल्लेला चमचा आई विसरत नाही. ही युक्ती मला एका आशाताईने शिकवली.

आता रोगाचा माग कसा काढतात ते. आजारी पडलेलं प्रत्येक पोर आमच्या वहीत येत नाही. काही घरीच बरी होतात. आमच्याकडे गोवराला अजून "माता आली" म्हणतात, दाराला लिंबाचा डहाळा लागतो आणि दवाखान्याचं नाव काढत नाहीत. काही मुलं गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात, तो "अंगावर पुरळ, ताप" लिहून औषध देतो, कळवत नाही. मालेगावात "गोवर आहे का घरात?" विचारलं की नाही म्हणतात, कारण तिथल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत त्याला खसरा म्हणतात. शब्द चुकला की रुग्ण शून्य. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून तीन पातळ्यांवर नोंद होते: आरोग्य सेविका लक्षणांवरून संशयित लिहिते, डॉक्टर तपासून संभाव्य लिहितो, प्रयोगशाळा खात्री करते. पूर्वी हे आठवड्याच्या कागदी फॉर्मवर चालायचं, २०२१ पासून आयएचआयपी या सरकारी आरोग्य-माहिती पोर्टलवर रोज भरतात. पण पोर्टल असो की फॉर्म, जे बघितलंच नाही ते त्यात येत नाही.

मग एखाद्या तालुक्याने "शून्य" कळवलं तर ते रोग नाही म्हणून की कुणी शोधलं नाही म्हणून? हा प्रश्न पोलिओवाल्यांनी फार हुशारीने सोडवला, आणि माझ्या अख्ख्या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी युक्ती तीच आहे. त्यांनी ठरवलं की पोलिओ मोजायचाच नाही, अचानक लुळं पडलेलं पंधरा वर्षांखालचं प्रत्येक मूल मोजायचं. कारण पोलिओ नसला तरी इतर कारणांनी लाखात एखाददुसरं मूल दरवर्षी लुळं पडतंच. भारतात अपेक्षा लाखामागे किमान दोनची. ती दोन सापडली नाहीत तर तुमची नजर कच्ची आहे, मग पोलिओ शून्य म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोहोंत किमान चोवीस तासांचं अंतर, बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेला रवाना. मी इगतपुरीच्या घाटात गाडी बंद पडल्यावर तो डबा मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसले आहे. ड्रायव्हरने विचारलं काय आहे. मी म्हटलं औषध. खरं सांगितलं असतं तर त्याने उतरवलंच असतं. देशातला जंगली, म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या, पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. मधली तीन वर्षं जगाला पटवायचं होतं की आम्ही डोळे उघडे ठेवून शून्य म्हणतोय.

गोवरालाही आता तोच नियम आहे. ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक संशयित तपासायचा, आणि गोवरही नाही व रुबेलाही नाही असे निघालेले रुग्ण लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन सापडायला हवेत. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्हा ६१ लाखांचा होता. म्हणजे त्या लोकसंख्येवरही निदान १२२ "गोवर नसलेली" पुरळाची माणसं दरवर्षी सापडली पाहिजेत. कुणी अधिकारी म्हणाला की आमच्याकडे गोवर नाही, तर त्याला विचारायचं, मग नसलेले किती सापडले?

रक्ताच्या तपासणीतही खाचा आहेत. पुरळ उठल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दिसायला उशीर होऊ शकतो, त्यामुळे नकारात्मक निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. उलट नुकतीच लस घेतलेल्या मुलाचं रक्त लसीमुळेच सकारात्मक येऊ शकतं. म्हणून रुग्णांच्या यादीत (लाइन लिस्टमध्ये) पुरळाची तारीख आणि लसीची तारीख दोन्ही हव्यात. तुमच्या गल्लीतल्या मुलांपैकी कुणी साथ सुरू झाल्यावर घाईने लस घेतली असेल, तर त्याला "लस घेऊनही झाला" म्हणता येत नाही. विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो, आणि पुरळ दिसायला साधारण दोन आठवडे लागतात.

लस घेऊनही गोवर खरोखर होतो, तो का? एक कारण वयाचं. नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही बाळांत शिल्लक असतात, ती लसीलाच मारतात. म्हणून नऊ महिन्यांना दिलेला एक डोस शंभरात साधारण ८५ मुलांना राखतो. बारा महिन्यांनंतर दिला तर आकडा पंचाण्णवच्या जवळ जातो. मग बारालाच का देत नाही? कारण आपल्याकडे गोवर त्याआधीच गाठतो आणि लहान बाळालाच जास्त मारतो. म्हणून दोन डोस: पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा डोस हा बूस्टर आहे असं लोक समजतात. तसं नाही, पहिल्याने ज्यांना राखलं नाही त्यांच्यासाठी ती दुसरी संधी आहे.

दुसरं कारण बाटलीचं. ही लस पावडर असते, द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. सेविकेला डोस वाया गेल्याचा जाब द्यावा लागेल अशी धास्ती, मग ती चार-पाच पोरं जमेपर्यंत बाटली उघडत नाही. एकट्या पोराला घेऊन आलेली आई "पुढच्या महिन्यात या" ऐकून परत जाते. नियम एका मुलासाठीही बाटली उघडा असा आहे. माझ्या अनुभवात उघडून खराब झालेल्या बाटलीपेक्षा न उघडलेल्या बाटलीने जास्त पोरं गमावली आहेत.

लस येण्याआधी आणि नंतरचे रुग्ण शेजारी ठेवले की परिणाम दिसेल, असं वाटतं. वर्तमानपत्रात असे आलेख येतात. गोवराच्या बाबतीत ते फसवतात. लसीकरण अर्धवट असेल तिथं दर दोन-तीन वर्षांनी न राखलेली पोरं साचतात आणि साथ उसळते. दोन शांत वर्षं दाखवून कुणीही पाठ थोपटून घेऊ शकतो. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. पुढे गोवर कमी दिसला. पण २०२० मध्ये कोविड आला. शाळा बंद, तोंडाला मास्क, माणसं घरात, त्यामुळे गोवर पसरणंही कमी आणि दवाखान्यात येऊन नोंद होणंही कमी. त्याच काळात लसीकरणाची सत्रंही चुकली. मग २०२२ च्या अखेरीला मुंबई, भिवंडी आणि आपल्या मालेगावात उद्रेक झाला. त्या पाच वर्षांच्या वळणातलं किती लसीचं, किती कोविडचं आणि किती नोंदींचं, हे नुसत्या आलेखावरून सांगणारा माणूस एकतर थोर असेल किंवा थापा मारत असेल. त्या उद्रेकात केंद्र सरकारने पाच वर्षांखालच्यांना जादा डोस द्यायला सांगितलं, आणि एकूण रुग्णांत नऊ महिन्यांच्या आतली मुलं दहा टक्क्यांहून जास्त असतील तिथं सहाव्या महिन्यापासून. हे ठरवायलाही आधी रुग्णांची वयं नीट लिहिलेली लागली.

रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूच्या लसीचं तर आणखी अवघड. तीही लस सरकारी आहे, २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झाली आणि २०१९ संपेपर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचली. पण जुलाबाला पन्नास कारणं. रोटा कमी झाला तरी पावसाळ्यात वॉर्ड भरलेलाच दिसतो, आणि आया म्हणतात लस घेऊन काय झालं. तिथं वेगळी शक्कल वापरतात. जुलाबाने दाखल झालेल्या सगळ्या मुलांचं शौच तपासायचं. काहींत रोटा सापडतो, काहींत नाही. मग दोन्ही गटांत लसवंत किती ते पाहायचं. गंमत अशी की दोन्ही गटांतल्या आया सारख्याच आहेत, दोघींनीही पोराला दवाखान्यात आणलं. लस घेणारे मुळातच दवाखान्याजवळचे, सावध, जरा बऱ्या परिस्थितीतले असतात, हा जो कायमचा घोळ आहे तो यात बराच गळून पडतो. भारतीय रोटाव्हॅकची चाचणी मात्र कुणाला लस आणि कुणाला नाही हे रीतसर चिठ्ठ्या टाकून ठरवून झाली होती, दिल्ली, पुण्याकडचा भाग आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर. तीव्र रोटा जुलाबापासून संरक्षण निघालं साधारण ५५ टक्के. कमी वाटतं ना? पण जवळजवळ प्रत्येक बाळाला गाठणाऱ्या रोगाचे तीव्र रुग्ण अर्ध्यावर आणले तर सलाइनच्या किती बाटल्या वाचल्या याचा हिशेब तुम्हीच करा.

एक विषय मी मुद्दाम टाळतेय, तो म्हणजे सिंहस्थ. २०२७ ला रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी छेद कोणता धरायचा, हे जो सांगेल त्याला माझ्याकडून कोंडाजीचा चिवडा.

तुमच्या गल्लीबद्दल एक करता येईल. नाव न लिहिता, घर क्रमांक, वय, पहिला डोस, दुसरा डोस, पुरळ उठल्याची तारीख, एवढे पाच रकाने आखा. आजारी नसलेल्या घरांतही जा, ते विसरू नका. आशाताईंना बरोबर घ्या, त्यांच्याकडे कुणाची लस राहिलीय त्याची यादी (ड्यू लिस्ट) असते. दोनशे घरांना दोन संध्याकाळी लागतात. ती वही घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेलात तर कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही, कारण असा छेद त्यांच्याकडेही क्वचितच असतो.

आणि धाकटीचा दुसरा डोस ती सोळा महिन्यांची झाली की घ्या. पण गल्लीत साथ चालू आहे, म्हणून तेवढीही वाट पाहू नका. जादा डोस द्यायचा निर्णय तुमच्या भागासाठी झालाय का ते याच आठवड्यात दवाखान्यात विचारा. पहिला आणि जादा डोस यांत चार आठवड्यांचं अंतर असलं की पुरतं, आणि सोळाव्या महिन्यानंतरचा ठरलेला डोस तरीही घ्यायचाच. सेविका म्हणाली, आज पोरं कमी आहेत, पुढच्या वेळी या, तर तिथंच बसून राहा.